लाल रंगाचे आर्म

दिलीपला मी खोटं सांगितलं. बरीच वर्षं मी त्या खोट्याला दुसरी नावं देत आलो. कधी म्हणायचो, बोलण्याच्या ओघात शब्द निघून गेला. कधी म्हणायचो, तेव्हा मलाही नीट ठाऊक नव्हतं. पण मला नीट ठाऊक होतं. दिलीप माझा चुलत भाऊ. त्याच्या जीपच्या पुढच्या चाकांना नवे आर्म बसवायचे होते. कोणते घेऊ, एवढंच त्यानं विचारलं होतं, आणि मी जळत होतो म्हणून त्याला नको ते घ्यायला सांगितलं.

वैशाख लागला की हे आठवण्यासाठी मला काही करावं लागत नाही. तळोद्याच्या रस्त्यावरून आमचुराची पोती लादलेली एखादी जीप जाते आणि मागे आंबट वास सोडून जाते. इतरांच्या तोंडाला पाणी सुटत असेल. मी मात्र हातातला घास खाली ठेवतो. या वर्षीही तेच झालं. दुकानाच्या पायरीवर चहा पीत उभा होतो, कप तसाच ठेवला.

वर डोंगरात हे दिवस फार देखणे असतात. पाड्यापाड्यांवर गावठी आंब्यांची जुनी झाडं आहेत. कैऱ्या पाडायच्या, झाडाखालीच सगळ्या घरानं बसायचं, साली काढायच्या, फोडी करायच्या आणि कौलांवर, खडकांवर, अंथरलेल्या कापडांवर वाळत घालायच्या, तोच आमचूर. दुपारच्या उन्हात सगळा पाडा पांढरा दिसतो. पांढरा म्हणजे चांगला माल. लोखंडी सुरी लागली की फोड काळी पडते, म्हणून साल काढायला लोक शिंपला वापरतात, नाहीतर स्टीलची पट्टी. बायकांच्या बोटांची टोकं त्या आंबटानं भेगाळलेली असतात. त्या बोटांनी त्या वाळलेली फोड मोडून दाखवतात. कट्ट आवाज आला की माल वाळला, नुसती वाकली की अजून दोन उन्हं हवीत. तो कट्ट आवाज मला अजून फार आवडतो. त्यात फसवाफसवी नसते.

आम्ही दोघं खाली सपाटीवरच्या कोरीट गावचे. शेती तिथंच, पण उन्हाळ्यात शेतात काम नसतं, तेव्हा दोघंही आमचूर घ्यायला वर जायचो. जीप आधी मी घेतली. हे मी आजही लोकांना सांगतो, नको तिथं सांगतो. दिलीपनं नंतर घेतली, जुनी, माझ्यापेक्षा जास्त चाललेली. तरीही मोलगीच्या बाजारात उभं राहिलं की बायका आपली पोती माझ्या गाडीशेजारी टेकवायच्या, त्यावर बसायच्या आणि माझ्या गाडीच्या टपावरून पलीकडच्या वळणाकडे बघत राहायच्या. दिलीपची वाट बघत.

रुमलीबाई त्यांच्यातली मुख्य. पाच-सहा घरांचा माल तिच्या शब्दावर जायचा. उंच, काटक, तोंडानं फटकळ. डोंगरातली माणसं लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणतात, तशी तीही म्हणायची.

"शेठ, तू जा. मी दिलीपभाऊची वाट बघते."

"अगं, भाव तोच आहे. गाडी रिकामी आहे माझी."

"तुझी गाडी लई उडते. मागच्या बाजाराला माझं मडकं फुटलं. आता कंबर फोडतो का?"

बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. पण मला मडक्याचं काही वाटलं नव्हतं. मी 'शेठ' होतो आणि तो 'भाऊ' होता, ते लागलं होतं. आम्ही एकाच अंगणात वाढलेलो, एकाच वर्गात बसलेलो. मग हा फरक कुणी केला? तो त्यांची बोली बोलायचा. पाड्यावर गेला की खाटेवर बसून स्वतः कैऱ्या सोलायचा, आणि वाईट सोलायचा म्हणून सगळे त्याला चिडवायचे. मी एकदा तसं करून पाहिलं. शिंपला हातात घेतला, तर एका म्हातारीनं उठून आदरानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मला पाणी दिलं.

घरी बायको आमच्या बोलीत म्हणायची, "दिलीपभाऊनं नाव निंघनं का तुम्हनं तोंड आंबट व्हई जास." ती थट्टेनं म्हणायची. मी ताटावरून उठायचो.

मत्सराला असं एखादं कारण हवं असतं, ज्याच्यावर बोट ठेवता येईल. माणसं त्याच्यावर जीव लावतात, हे कारण मला सोसवत नव्हतं. म्हणून मी ठरवलं की सगळा प्रश्न गाडीचा आहे. त्याची जीप पार शेवटच्या पाड्यापर्यंत चढते, माझी बाजाराशीच थांबते. मग माझी चढली की झालं. मी स्प्रिंगा उंच करून घेतल्या आणि त्यानंतर महिनाभर मोबाइलवर आर्म बघत बसलो.

आर्म म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही. चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारा हा लोखंडी हात. खड्डा आला की हा हात वरखाली होतो आणि चाक जमीन सोडत नाही. गाडी उंच केली की जुना हात तिरका पडतो, अपुरा पडतो, म्हणून नवा घ्यायचा. खरा प्रश्न हाताचा नसतो, सांध्याचा असतो. सांध्यात जाड रबराचं बुश असेल तर धक्का रबरात मुरतो, आवाज येत नाही, पण फार पिळलं की ते अडतं. दुसरा प्रकार उघड्या जॉइंटचा. लोखंडाच्या कड्यात लोखंडाचा गुळगुळीत गोळा, कुठल्याही कोनात फिरणारा. एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असलं तरी गाडी पाय पसरून उभी राहते. व्हिडिओतल्या सगळ्या गाड्यांना तेच होते. चकचकीत लाल आर्म, टोकाला उघडे जॉइंट. ते दिसायचेच असे की वाटावं, हे लावले तर माणूसही बदलेल.

मी तेच मागवले. सुरुवातीला गाडी खरंच चढली. पहिल्यांदा शेवटच्या पाड्यावर गेलो तेव्हा पोरं धावत आली, जवळ आल्यावर गाडी ओळखली आणि त्यांचे पाय मंदावले. हॉर्न ऐकून त्यांना दिलीप वाटला होता.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी माझ्या गाडीत खटखट सुरू झाली. वळवाच्या सरी लवकर आल्या होत्या. आभाळ भरलं की डोंगरात एकच धावपळ उडते, वाळलेलं न वाळलेलं सगळं पोत्यात भरून खाली पाठवतात. अर्धओल्या आमचुराचं पाणी पोत्यातून, गाडीच्या तळातून, थेंब थेंब खाली गळतं. मी खाली वाकून पाहिलं तर जॉइंटचा गोळा काळा पडलेला, खवले उठलेले, हातानं हलवला तर दातासारखा हलला. कैरी कापल्यावर लोखंडी सुरी दिसते तसाच दिसत होता. लोखंडानं आमचूर बिघडतो हे आमच्या धंद्यात प्रत्येकाला माहीत. आमचुरानं लोखंड बिघडेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि कुणाच्याच आलं नव्हतं.

तळोद्यात सगळे ओळखीचे, म्हणून मी गाडी नंदुरबारला नेली. तिथं रबरी बुशांचे साधे काळे आर्म बसवून घेतले. आणि मग मी जे केलं ते सांगायला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या काळ्या आर्मना मी लाल रंग मारून घेतला. जुन्यांसारखाच. कुणी वाकून पाहिलं तर माझे महागाचे आर्म तसेच आहेत, असं दिसावं. गाडीखाली कोण बघतं? दिलीप बघेल, एवढं मला माहीत होतं.

पुढच्या वर्षी होळी झाल्यावर दिलीप घरी आला. मी त्याच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठा, म्हणून तो मला नाना म्हणतो. अंगणात गाडी उभी होती. त्यानं वाकून पाहिलं, लाल रंग दिसला, तेवढ्यानं त्याचं समाधान झालं.

"नाना, तुन्हा आर्म कसा शेतस? एक साल चालनात ना?"

"चालनात."

"ह्याच लेऊ का मग मी बी? तू वापरेल शेतस म्हणीसन इचारस."

मी म्हणालो, "डोया मिटीसन ले."

तो किती खूश झाला. माझ्या हातून काही चांगलं झालं की तो माझ्यापेक्षा जास्त खूश व्हायचा, लहानपणापासून. त्याचाही मला राग यायचा. आठवड्याभरात त्यानं तसेच लाल आर्म बसवून घेतले.

खरं सांगायचं तर त्याचा जीव जावा, कुणाला लागावं, असं माझ्या मनात नव्हतं. त्याची गाडी ऐन हंगामात दहा-पंधरा दिवस बंद पडावी, एवढंच होतं. तेवढ्या दिवसांत पाड्यावर मी जाईन, रुमलीबाई माझ्या गाडीत बसेल. एवढं लहान पाप मी मनाशी मोजून घेतलं होतं. गाडी घाटात बंद पडू शकते, याचा हिशेब मी केला नाही.

त्या वर्षीही वळीव लवकर आला. आम्ही दोघं शेवटच्या पाड्यावर होतो. त्याची जीप भरलेली, माझी अर्धी. त्यानं गाडी थोडी पुढे घेतली आणि मला ती खटखट ऐकू आली. एका क्षणात ओळखली. पोत्यांखालून पाणी गळत होतं, थेट पुढच्या चाकामागे.

त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "नाना, काहीतरी वाजी ऱ्हायनं."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण सांगायचं म्हणजे माझ्या गाडीखालच्या रंगाचंही सांगावं लागलं असतं. आजूबाजूला तीच माणसं होती. रुमलीबाई त्याच्या शेजारच्या सीटवर बसून माझ्याकडे बघत होती.

"घाट उतरीसन दखी ले," मी म्हणालो.

घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर त्याचं पुढचं चाक आत दुमडलं. मी मागेच होतो. गाडी दरीच्या बाजूला गेली नाही, डोंगराच्या बाजूला आदळली, हे आमचं नशीब. आमचं म्हणतोय, कारण ती दुसऱ्या बाजूला गेली असती तर ते पाप सोसून आज मी हे लिहायला उरलो नसतो. पोती फुटली. काळ्या रस्त्यावर पांढरा आमचूर पसरला आणि त्यावर पाऊस पडायला लागला. दिलीपचा खांदा मोडला. रुमलीबाईचं उजवं मनगट मोडलं. ती रस्त्याच्या कडेला बसून डाव्या हातानं फोडी गोळा करत होती, आणि मी तिला "राहू दे, राहू दे" म्हणत होतो. दुसरं काय म्हणणार होतो?

लोक म्हणाले, ओझं फार भरलं. दिलीपही तेच म्हणाला. खांदा जुळल्यावर त्यानं मला बरोबर घेतलं आणि तो पाड्यावर गेला. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, माझी चूक, मी लोभ केला, गाडी जास्त भरली. मी त्याच्या शेजारी उभा होतो. रुमलीबाईच्या हाताला पट्टी होती. तिनं त्याचे जोडलेले हात खाली केले आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली. "येडा," म्हणाली. झालं. एवढ्यात मिटलं. आणि मला, ज्याची ती चूक होती त्या मला, त्या टपलीचा मत्सर वाटला. अशी टपली मला कुणी कधी मारली नव्हती.

त्यानंतर दिलीपनं जीप विकून टाकली. डोंगर सोडला. म्हणायचा, "माले आते गाडीनं समजत नही." जो माणूस आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगायचा, तो साध्या रस्त्यावरही दुसऱ्याच्या शेजारी बसून दरवाजाची कडी धरून ठेवायचा. पाडे मला मिळाले. ज्याच्यासाठी सगळं केलं ते मिळालं. मी खाटेवर बसलो की माणसं चांगलं बोलायची, चांगला माल द्यायची आणि मग विचारायची, "दिलीपभाऊ कसा आहे?" दर वर्षी, दर घरात. त्याच्यासाठी पिकले आंबे माझ्याच गाडीतून पाठवायची. ती पाटी शेजारच्या सीटवर ठेवून मी घाट उतरायचो आणि आंब्यांवर जळायचो. घरी बसलेल्या, खांदा पुरता वर न होणाऱ्या माणसाचा मी हेवा करत होतो. रुमलीबाईचं मनगट वाकडं जुळलं होतं. ती आता साली काढत नाही, फक्त फोडी पसरते.

या वर्षी, आमचुराची पहिली पोती खाली यायला लागली त्याच आठवड्यात, दिलीपचा फोन आला. त्यानं एक जुनी जीप बघून ठेवली होती. मुलानं हट्ट धरला म्हणाला, पण मला माहीत आहे, आंबट वास त्यालाही येत असणार. गाडी उंच केलेली होती, आर्म झिजले होते. "तळोदाले ये. तू निवडी दे."

सुट्या भागांच्या दुकानात मालकानं दोन्ही प्रकार आमच्यापुढे ठेवले. एक काळा, टोकाला जाड रबर. दुसरा लाल, उघड्या जॉइंटचा. दिलीपनं लाल उचलला, गोळा बोटानं फिरवला आणि पटकन खाली ठेवला, जणू चटका बसला. मग काळा उचलला, तोही ठेवला. शेवटी दोन्ही माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तू सांग, नाना. मन्हा तर मन्हावरच भरोसा नही ऱ्हायना."

दुकानात गिऱ्हाईक होतं. पंखा फिरत होता. मी काळा आर्म उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "हाऊ ले. मन्ही गाडीले हाऊच शे. तवयबी हाऊच व्हता."

त्याला कळलं नाही. "तवय तर लाल व्हता."

"रंग मारेल व्हता."

मग मी सगळं सांगितलं. काळा पडलेला जॉइंट, नंदुरबार, रंगाचा डबा, पाड्यावर ऐकलेली खटखट. तो आर्म हातात धरून ऐकत होता. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं रबरावर अंगठा दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"मन्हा लोभ नही व्हता म्हणजे," तो म्हणाला. मला नाही, स्वतःलाच. "ओझं नही व्हतं."

"नही."

"इतला साल मी गाडीले हात लावा नही, नाना."

मी "माफ" एवढाच शब्द काढला, तर त्यानं हात वर केला. खांदा जेवढा वर होतो तेवढाच.

"अठे नही. मी तठे हात जोडात, तू मन्हा बाजूले उभा व्हता. आते तू जोड."

दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या गाडीनं निघालो. घाटात त्यानं दरवाजाची कडी धरली होती. अर्ध्या घाटात ती सोडली, ते मी बघितलं. पाड्यावर माणसं आंब्याखाली बसली होती. त्याला बघून सगळे उठले, पोरं बिलगली, कुणीतरी खाट ओढली. मला तेव्हाही वाटलं, बोललो नाही तरी चालेल, हे आज किती आनंदात आहेत. असली सबब सुचवणारं मन अजून माझ्याजवळ आहे, हे कबूल केलं पाहिजे. दिलीप खाटेवर बसला नाही. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

रुमलीबाई फोडी पसरत होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"काय शेठ, भाव पडला का?" ती म्हणाली. सगळे हसले.

मी हात जोडले. मला त्यांची बोली येत नाही, म्हणून येईल तसं मराठीत बोललो. "रुमलीबाई, त्या वर्षी गाडी ओझ्यानं मोडली नाही. दिलीपनं लोभ केला नव्हता. त्यानं मला विचारलं होतं, गाडीला काय लावू. माझी वस्तू आधीच खराब निघाली होती. ते लपवून मी त्याला तीच घ्यायला लावली. गाडी वाजत होती तेव्हाही मला कळलं होतं, मी बोललो नाही. तुम्ही सगळे त्याची वाट बघायचात, म्हणून मी जळत होतो. तुझा हात माझ्यामुळे मोडला. मला माफ कर."

फोडींवर फिरणारा तिचा हात थांबला. मी उठलो नाही. तसाच वळलो आणि माझ्या भावाकडे मान वर करून पाहिलं.

"दिल्या, मी तुन्ही बी माफी मांगस."